ग्रुप राइड आणि रेसमधली मैत्री

ग्रुपमध्ये सायकल चालवायची सवय लागली की रेसला एकटीची दमछाक होते, हा काही जणी मांडतात तो मुद्दा बरोबरच आहे, पण म्हणून बायकांनी ग्रुप राइडच बंद करावी हे नाही पटत. गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ ला (पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग रेस) ९० किमी सायकलिंगमध्ये ड्राफ्टिंग, म्हणजे वारा चुकवायला पुढचीच्या अगदी मागे चिकटून चालवणं, चालत नाही, पुढचीपासून १२ मीटर अंतर ठेवावंच लागतं, म्हणून आमच्या कोचताई सरावाच्या राइडला जाताना सगळ्यांना एका ओळीत नेतात आणि येताना अंतर ठेवून ज्या त्या बाईला एकटीला सोडतात, मग वाऱ्याशी जिचं तिने बघायचं.

पोहण्यात मात्र जोडीच हवी. समुद्रात तळाला पूलसारखी रेघ नसते, लाट आली की दिशा दाखवणारा तरंगता बॉय (buoy) पण दिसत नाही आणि नवीन मुलगी तिथेच घाबरते, तेव्हा बाजूला आपलीच कोणीतरी "उताणी हो, आधी श्वास घे" म्हणाली की ती सावरते, हे मी खूपदा बघितलंय. आणि हो, रेसमध्ये पंक्चर झालं तर दुसऱ्या स्पर्धक मैत्रिणीकडून ट्यूब किंवा पंप घेता येतो, फक्त रस्त्यावर उभ्या घरच्यांकडून नाही. हे नवीन मुलींना आधीच सांगून ठेवा, प्लीज.