फॅड आहे, पण जुनं
कोणीतरी म्हटलंय की फर्निचरमधले भडक रंग आणि वाकडे आकार म्हणजे नुसतं इन्स्टाग्रामचं फॅड. फॅड असेलही, पण जन्म तिथला नाही. १९८१ ला मिलानमध्ये इटालियन डिझायनर एत्तोरे सोत्सासच्या मेम्फिस ग्रुप या डिझायनर मंडळींच्या गटाचं पहिलं प्रदर्शन झालं, सोत्सासचं 'कार्लटन' शेल्फ बघा, तिरक्या फळ्या, लाल-पिवळे-हिरवे तुकडे, आणि वर चक्क प्लॅस्टिक लॅमिनेट, उंची लाकूडबिकूड काही नाही! खरी खोडी रंगांपेक्षा त्या मटेरियलमध्येच होती.

मी हौसेने एका कपाटाला सोत्सासच्याच 'बॅक्टेरिओ' नावाच्या नक्षीसारखी किडेकिडे डिझाइनची लॅमिनेट शीट लावून घेतली, तर दोन दारांच्या सांध्यावर जुळेचना, अर्धा किडा इकडे अर्धा तिकडे. सुताराला काय बोलणार, शीट कापायच्या आधी मीच दोन्ही तुकडे शेजारी ठेवून बघायला हवे होते.