घरी गाणं ऐकायला हेडफोन: दोन हजारांचा की तीस हजारांचा? अनुभव सांगा

ठाणेकरीण

रात्री घरातले सगळे झोपले की तासभर गाणं ऐकायचं, हा माझा जुना नाद. स्पीकरची सोय नाही. भिंती पातळ आणि घरातली माणसं झोपेची कच्ची. आजवर फोनसोबत आलेल्या इयरफोनवर भागत होतं. आता त्याचा डावा कान मधूनच जातो आणि वायर एका ठराविक कोनात धरली की परत येतो. म्हणजे तान ऐकायची की वायर धरून बसायचं!

भाऊ म्हणतो, एकदाच तीस हजार टाक, पुन्हा बघायला नको. नवरा म्हणतो, दोन हजारांच्या वरचा फरक कानात नसतो, डोक्यात असतो. दोघांनीही तीस हजारांचा हेडफोन कानाला लावलेला नाही, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून हा धागा. ज्यांनी स्वस्त आणि महाग दोन्ही घरी वापरलेत त्यांनी लिहा: काय ऐकता, कशाला जोडून ऐकता, आणि पैसे नेमके कुठे जाणवले किंवा जाणवले नाहीत. माझं ऐकणं म्हणजे ख्याल, ठुमरी, नाट्यसंगीत आणि चवीला जुनी हिंदी गाणी. जिम, लोकल आणि ऑफिसचे कॉल इथे नकोत, त्यांचा हिशेब वेगळा.

चहाबाज

रुमाल टाकून ठेवतो. मलाही घ्यायचाय.

कोपऱ्यातला

तुमच्या यजमानांच्या बाजूने एक मत. दोन हजारांच्या आतले चिनी आयईएम, म्हणजे कानाच्या भोकात घट्ट बसणारे वायरवाले, गेल्या काही वर्षांत कमालीचे सुधारलेत. एकच डायनॅमिक ड्रायव्हर (आत आवाज काढणारा छोटा स्पीकर), धातूचं कवच, आणि आवाजाचा तोल असा की आधीचा सहा हजारांचा ब्लूटूथ मी भाच्याला देऊन टाकला. गायिकेचा शब्द नि शब्द कळतो, तबल्याचा बायां गुबगुबीत न होता घुमतो. (बायको शेजारी बसून मालिका बघते. तिचं बोलणं मात्र ते घातल्यावर अजिबात ऐकू येत नाही. फायदा की तोटा ते आपापलं ठरवा.)

एक अट: सोबत येणाऱ्या रबरी टोप्यांमधली आपल्या कानाची अचूक मापाची निवडायची. टोपी सैल बसली की खर्ज गळून जातो आणि माणूस हेडफोनला नावं ठेवतो. आणि तासाभराने कानात ठणका लागतो. हे मात्र मला किंमत वाढवूनही टळलेलं नाही, माझ्या कानाची भोकंच लहान.

तंबोरा

मी गाणं शिकते, त्यामुळे माझं मत थोडं बिघडलेलं धरा. बरीच वर्षं तीनेक हजारांचा बंद कपाचा हेडफोन वापरला आणि त्यावर सुखी होते. मग सेनहायझरचा एचडी ६०० घेतला. हा १९९७ पासूनचा, मागून जाळीचा, म्हणजे ओपन-बॅक.

पहिल्या दिवशी खास काही वाटलं नाही. उलट खर्ज कमी वाटला आणि पैसे गेले असंच वाटलं. फरक कळला तो किशोरीताईंची एक जुनी मैफल लावल्यावर. जुन्या हेडफोनवर तंबोरा म्हणजे मागे चाललेली एकसंध गुंजन. इथे ते दोन तंबोरे झाले. एक जरा डावीकडे, एक उजवीकडे, आणि दोघांच्या झंकाराची लय एकमेकींत गुंतत-सुटत चाललेली. जवारी ऐकू आली, म्हणजे तार घोडीला घासून जी वरच्या स्वरांची रांग उभी राहते ती. आलापीत दोन स्वरांच्या मधली जागा किती भरलेली असते हे मला गुरूंनी सांगितलं होतं, पण ती रोज घरी ऐकायला मिळणं वेगळं.

आणि हेही ऐका: त्याच मैफलीत तिसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थांचा खोकला आता मला पाठ झालाय. पेटीच्या भात्याची धाप, मधेच कुणीतरी सरकवलेली खुर्ची, सगळं येतं. महाग हेडफोन वाईट मुद्रण चांगलं करत नाही.

फेडर

पोटापाण्याचा धंदा ध्वनिमुद्रणाचा, म्हणून दोन शब्द जास्त.

लोकांना वाटतं स्टुडिओत लाखाचे हेडफोन असतात. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ चा हेडफोन आजही जगभरच्या स्टुडिओंत खुंटीला लटकलेला दिसेल, आणि तो तीस हजारांच्या जवळपासही नाही. गुंडाळ्यांची वायर, बंद कप, दिसायला अगदी गबाळा. पण मुद्रणातली फट, फुटलेला आवाज, तोंडाची चिकचिक लगेच दाखवतो. म्हणूनच घरी निवांत ऐकायला मी तो लावत नाही. वरच्या पट्टीत जरा टोचतो, दिवसभर तेच ऐकून आल्यावर नको वाटतं.

किंमत आणि आवाज यांचं नातं किती सैल आहे त्याचा पुरावाही आहे. २०१७ साली येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनांचा फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स, म्हणजे खर्जापासून तारापर्यंत कुठला सूर किती जोरात वाजतो, हे मोजून किमतीशी ताडून पाहिलं. संबंध सापडला नाही. याचा अर्थ सगळे हेडफोन सारखे असा नाही. अर्थ एवढाच की दुकानातली चिठ्ठी बघून आवाज ओळखता येत नाही. महागात भिकार सापडतो, स्वस्तात सुरेख.

मग जास्तीचे पैसे जातात कुठे? माझ्या हाताखालून गेलेल्या मालावरून सांगतो: डावा-उजवा ड्रायव्हर तंतोतंत जुळवून बसवणं, पट्टी आणि बिजागरी, निघणारी केबल, सुटे मिळणारे भाग, कपातली जागा. आणि अर्थात नाव, खोका, जाहिरात. डावा-उजवा जुळणं हे ऐकणाऱ्याला थेट कळतं. न जुळलेल्या जोडीत गायक नाकासमोर न राहता एका कानाकडे कलतो.

तुलना करताना एक सापळा आहे: जो जरासा जोरात वाजतो तो नेहमी चांगला वाटतो. एक डेसिबलचा फरकही पुरतो, आणि तो आवाजाचा फरक म्हणून जाणवत नाही, दर्जाचा म्हणून जाणवतो. दोन्हींची पातळी सारखी केल्याशिवाय मत बनवू नका.

निवृत्त_नाना

वय ७४. माझं ऐकणं बालगंधर्व आणि त्या काळच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या. मुलाने हौसेने स्वतःचा महागडा हेडफोन लावून दिला. तबकडीची खरखर इतकी स्वच्छ ऐकू आली की विचारू नका! मूळ तबकडीतच वरच्या पट्टीतलं फारसं उतरलेलं नाही, आवाज एकपदरी, दोन्ही कानांत तेच. त्याला डावं काय आणि उजवं काय. माझ्या दीड हजारी हेडफोनवर वरची टोकं जरा बोथट आहेत, त्यामुळे खरखर मागे राहते आणि गाणं पुढे येतं.

कानात श्रवणयंत्र असणाऱ्यांसाठी एक सूचना: कानावर टेकणारा छोटा हेडफोन यंत्राला दाबतो आणि शिट्टी वाजते. पूर्ण कान आत मावेल असा मोठ्या कपाचाच घ्या.

फेडर

नाना, अगदी मान्य. आणि ठाणेकरीणताई, नाट्यसंगीत तुमच्याही यादीत आहे, तेव्हा हे मनावर घ्या. नवीन स्टिरिओ मुद्रणं किती आणि जुनी मोनो किती याचा अंदाज घेतल्याशिवाय तीस हजार काढू नका.

रत्नागिरीची_सुनबाई

आवाजाचं मला तंबोराताईंसारखं सांगता येणार नाही. मी सांगते ते पॅडचं. आमच्याकडच्या दमट हवेत रेक्झिनचे पॅड दुसरा पावसाळा बघत नाहीत. आधी बारीक भेगा, मग काळे पापुद्रे. कानाला, केसांना, उशीच्या अभ्र्यावर. पहिल्या स्वस्त हेडफोनचे पॅड गोंदाने चिकटवलेले होते. ओढून काढले तर आतली जाळीही सोबत आली. हेडफोन उत्तम वाजत होता, पण घालता येईना. कंपनीला विचारलं तर म्हणे सुटे पॅड ठेवत नाही, नवा घ्या.

दुसरा घेताना तिप्पट पैसे मोजले, पण पॅड हाताने निघतात आणि वायर खटका दाबून सुटते. आता मखमली कापडाचे पॅड घातलेत. घामाने ओले झाले तरी पापुद्रे नाहीत, काढून हलक्या साबणात धुते. आवाजात फरक पडला का? पडला, खर्ज किंचित कमी झाला. मला चालतो. चष्मा लावणाऱ्यांना मखमली पॅड जास्त सोसतात, काडी कानामागे रुतत नाही.

न्यू_जर्सीकर

२०१६ मध्ये इकडे सेनहायझर एचडी ६५० चीच एक आवृत्ती, एचडी ६एक्सएक्स, बरीच कमी किमतीत निघाली. एक माझ्यासाठी घेतला, एक नाशिकला भावासाठी नेला. भावाने मोबाइलला लावला आणि तोंड वाकडं केलं: "हे काय, हळूच वाजतंय." ३०० ओहमचा, म्हणजे विजेला जास्त अडवणारा हेडफोन, फोनकडून तेवढा व्होल्टेज मिळत नव्हता. वेगळा लहानसा डॅक-अॅम्प, म्हणजे फोनच्या आवाजाला जोर देणारी डबी, जोडल्यावर मग स्वारी खूश. तेव्हा किंमत धरताना सोबतच्या डबीचीही धरा. ३२ ओहमच्या आसपासच्या बहुतेक हेडफोनांना साधा टाइप-सी डोंगल (हेडफोनची वायर फोनला जोडणारा छोटा तुकडा) पुरतो. मात्र डोंगलही बघून घ्या, काही जोड्यांत फोन आणि डोंगलचं जमत नाही आणि आवाज अर्धाच निघतो.

दुसरी गंमत म्हणजे ओपन-बॅकमधून आवाज बाहेर सांडतो. भाऊ रात्री हॉलमध्ये ऐकत बसला की आई आतल्या खोलीतून राग ओळखायची. एकदा म्हणाली, "बागेश्री संपला असेल तर दिवा मालव."

ठाणेकरीण

थांबा थांबा. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं! मी तर झोपलेल्या माणसापासून हातभर अंतरावर ऐकणार. तंबोराताई, तुमचाही सांडतो का?

तंबोरा

सांडतो. मोबाइलच्या बारीक स्पीकरवर कुणी ऐकतंय इतपत. मी स्वतंत्र खोलीत ऐकते म्हणून डोक्यात आलं नाही लिहायचं. तुमच्या पलंगावर चालणार नाही.

मडगावकार

हांव गोंयचो, पण लिहितो मराठीत. माझं ऐकणं पाश्चात्त्य वाद्यवृंद. त्यात एका क्षणी एकटी बासरी कुजबुजते आणि पुढच्या क्षणी सगळे ट्रम्पेट अंगावर येतात. इतकी चढ-उतार असलेल्या संगीताला शांत घर लागतं. जून ते सप्टेंबर आमच्या घराच्या पत्र्यावर पाऊस पडतो तेव्हा ओपन-बॅकमध्ये बासरी वाहून जाते, आणि ती ऐकायला आवाज वाढवला की ट्रम्पेट कान फोडतात. म्हणून पावसाळ्यात बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो, बंद कपाचा, ८० ओहमवाला. उन्हाळ्यात त्याच्या आत कान उकडतात, तेव्हा उघडा. दोन हेडफोन ठेवायची चैन आहे हे कबूल, पण एकच ठेवायचा झाला तर बंदच ठेवेन.

आवाज वाढवण्यावरून आठवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबल आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक, त्यावर जितकं चढाल तितका वेळ झपाट्याने कमी. पंखा, पाऊस, रस्ता यांवर मात करायला आवाज चढवणारे आपण सगळेच. बंद कपाचा तिथे खरा फायदा.

विनावायर

ब्लूटूथवाल्यांना कुणी बोलावलंच नाही, मी आपणहून आलो. आवाज गाळणारा, म्हणजे एएनसी असलेला, बावीस हजारांचा. डोक्यावरच्या पंख्याची घरघर संपूर्ण गायब होते. माझ्या जुन्या इमारतीत तेवढ्यासाठीच पैसे वसूल. एलडॅक कोडेकवर, म्हणजे ब्लूटूथने गाणं पाठवायच्या एका पद्धतीत, सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जातं, तरी सीडीच्या १४११ पेक्षा कमीच, पण मला डोळे मिटून ओळखता आलेलं नाही. खरी खोट बॅटरीची. आधीच्या जोडीची बॅटरी तीन वर्षांत बसली आणि सेवा केंद्राने दुरुस्तीचा जो आकडा सांगितला त्यात नवा मध्यम हेडफोन आला असता. वायरवाला वीस वर्षं टिकतो, हा टिकणार नाही, हे धरूनच घ्यायचा.

कोपऱ्यातला

मग दोन हजारवाला दर तीन वर्षांनी घेतला तरी वीस वर्षांत चौदा हजारच होतात की!

रत्नागिरीची_सुनबाई

आणि सात हेडफोनांचा कचरा.

फेडर

ठाणेकरीणताईंच्या गरजेपुरतं बोलतो. झोपलेल्या माणसाशेजारी, म्हणजे बंद कप किंवा आयईएम. ओपन-बॅक बाद, कितीही गोड असो. बंद कपात पाच ते दहा हजारांत काम भागेल. ऑडिओ-टेक्निकाचा एम२०एक्स किंवा एम४०एक्स दुकानात ऐकून बघा. त्यावर अँड्रॉइड फोनवर वेव्हलेट नावाचं अॅप टाका. त्यात तयार ऑटोईक्यू आहेत, हेडफोनचं नाव निवडलं की आवाजाचा तोल आपोआप सावरला जातो. जवळपास फुकटात दहा हजारांची उडी मिळते. जवारीचे सगळे पदर सुटणार नाहीत, पण तंबोरा भोंग्यासारखा वाजणार नाही.

लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाणार असाल तर आपला फोन, आपला डोंगल आणि रोज ऐकता ती दोनच गाणी न्या: एक स्वच्छ आणि एक जुनं खरखरीत. दुकानदार त्याच्या फोनवरचं धडधडीत काहीतरी लावून आवाज वाढवून देईल, तो वाढवू देऊ नका. आणि वीस मिनिटं डोक्यावर ठेवा. कुठे टोचतं ते पहिल्या मिनिटात कळत नाही.

चहाबाज

एम४०एक्स आणि वेव्हलेट. माझं ठरलं. धागाकर्तीचं काय?

ठाणेकरीण

बंद कप, दहाच्या आत, निघणारे पॅड. इतकं पक्कं. भावाला "ओपन-बॅक" एवढंच कळवलंय, तो सध्या गप्प आहे. पण तंबोराताईंचं ते दोन तंबोऱ्यांचं वाचल्यापासून एकदा ते ऐकायचंच आहे, विकत घेणार नसले तरी.

तंबोरा

मी मुलुंडला, तुमच्यापासून एकच स्टेशन. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. शनिवार-रविवार एचडी ६०० घेऊन जा, फक्त पलंगावर नको, स्वयंपाकघरात बसा. अॅम्पही देते. केबल जपा, आणि डोंगल तुमचा आणा, माझा मांजराने चावलाय.