गिरार्डवर रिकामी ट्रॉली फिरतेय, चाचणीत एवढं बघतात तरी काय?

फिलीकर_बाबा:
नमस्कार मंडळी, फिलाडेल्फियात गिरार्ड अव्हेन्यूच्या जवळच राहतो. १५ नंबरची ट्रॉली (म्हणजे आपली ट्राम) जानेवारी २०२० मध्ये बंद झाली, गाड्या दुरुस्तीला गेल्या आणि तिकडे आय-९५ हायवेचं कामही होतं, तेव्हापासून चार वर्षं बसच. आता परत ती जुनी हिरवी-क्रीम ट्रॉली दिसायला लागलीये पण आत पॅसेंजर कोणी नाही. काल झूच्या स्टॉपजवळ बघितली, अगदी माणूस चालतो त्या स्पीडने येत होती, पुढे पिवळ्या जॅकेटातला एक जण हातात लोखंडी कांब घेऊन रुळाकडे बघत पायी चाललेला. मधेच गाडी थांबवली, वाकून रुळाच्या खाचेतून काहीतरी उकरून काढलं, मग परत पुढे. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याला ट्रॉलीत बसल्याचं आठवतच नाही, रोज विचारतो बाबा आज सुरू झाली का. रूळ आहेत, तार आहे, गाडी आहे, मग अडतंय कुठे?

रूळवेडा:
बाबा, मी ट्रॅक्शनच्या, म्हणजे विजेवर गाड्या चालवायच्या, इलेक्ट्रिकल साइडलाच काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. ६०० व्होल्ट डीसी वरच्या तारेतून गाडीच्या टपावरच्या दांड्यातून, म्हणजे पोलमधून, गाडीत येतो, मोटर फिरवतो आणि चाकातून रुळात उतरून सबस्टेशनला परत जातो. म्हणजे रूळ ही गाडीची वाट तर आहेच पण करंटची परतीची वायरसुद्धा तीच. बरेच दिवस चाक फिरलं नाही की रुळावर गंज चढतो, त्यावर धूळ आणि कुजलेली पानं, मग करंट नीट जात नाही, चाकाखाली ठिणग्या उडतात, गाडी झटके खाते. पहिल्या फेऱ्यांमध्ये हा गंज घासला जातो. सकाळच्या उन्हात बघ, मधोमध चकचकीत पट्टा दिसायला लागला असेल, तो आधी बोटभर असतो आणि हळूहळू रुंद होतो.
दुसरं म्हणजे ती खाच. चाकाच्या आतल्या बाजूला कडा असते, ती खाचेतून चालते. चार वर्षं वरून बस आणि ट्रक गेलेत, खडी, डांबर, माती सगळं दाबून सिमेंटसारखं बसतं, कडा त्यावर चढली की गाडी रुळावरून उतरलीच. कांबवाला माणूस तेच बघत होता. मग सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागा, एकेक सांधा पूर्ण बसतो का ते बघावं लागतं. आणि वर तार, फिलीत अजून पोलच वापरतात, वळणावर किंवा तारेच्या फाट्यावर पोल सुटू शकतो, म्हणून तिथे मुद्दाम हळू नेतात.
गाड्या १९४७ च्या आहेत हेही धर. अशा १८ गाड्या नव्याने बांधून घेतल्या, एसी आणि व्हीलचेअरची लिफ्ट बसवली. फिलीच्या रुळांमधलं अंतर १५८१ मिमी, नेहमीचं असतं १४३५, त्यामुळे दुसऱ्या गावातून गाडी उसनी आणून चालवू म्हटलं तरी जमत नाही. आहे तीच जपून चालवायची.

वेस्टफिली_काकू:
रूळवेडा छान सांगितलंत. मी इथे १९९० पासून आहे, १५ नंबर १९९२ मध्येही बंद झाली होती आणि परत आली ती थेट सप्टेंबर २००५ ला. तेव्हा गाड्या तयार होत्या पण अडलं ते ५९व्या स्ट्रीटवरच्या पार्किंगवरून, डेपोतून गिरार्डला यायचा रस्ता तोच आणि इतकी वर्षं लोक तिथे गाड्या लावत आलेले. बस जरा बाजूने काढता येते हो, ट्रॉली कुठे जाणार. एक आरसा बाहेर आला तरी मागे सगळी रांग खोळंबते. म्हणून बाबा, तुमच्या गल्लीतल्या लोकांना आत्ताच सांगा की गाडी पांढऱ्या रेषेच्या आत लावा. सेप्टावाले (इथली बस-ट्रॉली चालवणारी संस्था) बोर्ड लावतील पण शेजाऱ्याने सांगितलेलं जास्त ऐकतात.

दादर_टीटी:
वाचून आजोबांची आठवण आली. मुंबईत विजेची ट्राम १९०७ ला सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४ ला शेवटची गाडी बोरीबंदरहून दादरला आली, ती बघायला आजोबा रस्त्यावर उभे होते. आमच्याकडे रूळ डांबराखाली गेले ते गेलेच, कधीतरी खोदकामात तुकडा निघतो आणि लोक फोटो काढतात. तुमच्याकडे रूळ राखून ठेवले म्हणून आज चाचणी तरी होतेय, ही फार मोठी गोष्ट आहे.

फिलीकर_बाबा:
काकू, सांगितलं सगळ्यांना, दोघांनी तर लगेच गाडी मागे घेतली. आणि रूळवेडा, तो पट्टा खरंच दिसला, पोरगा रोज शाळेत जाताना वाकून बघायचा.
अपडेट: आज रविवार १६ जून २०२४, ट्रॉली सुरू झाली!! झूला चढलो, ब्रॉड स्ट्रीटपर्यंत गेलो आणि परत. पूल ओलांडताना खालून नदी दिसली तेव्हा पोरगा सीटवर गुडघे टेकून काचेला नाक लावून बसला होता, उतरायला तयार नव्हता.