बेल्टवर न आलेली बॅग

ए-४०३ : सर्वांना नमस्कार. सासू-सासऱ्यांना घेऊन काशीयात्रा करून परतताना जे घडले ते सविस्तर लिहीत आहे, कारण आपल्या इमारतीतील आणखी दोन कुटुंबे याच महिन्यात उत्तरेकडे निघणार आहेत. वाराणसी ते दिल्ली आणि दिल्ली ते पुणे असे एकाच कंपनीचे, एकाच पीएनआरवरचे स्वस्त तिकीट होते. धुक्यामुळे वाराणसीचे विमान पाच तास उशिरा सुटले. पुढचे विमानही रखडल्यामुळे ते आम्हाला मिळाले, पण दिल्लीत जेमतेम चाळीस मिनिटे हाती होती. आम्ही कसेबसे विमानात पोहोचलो, बॅग मात्र पोहोचली नाही. लोहगावला रात्री दीड वाजता आमच्या दोन बॅगा बेल्टवर आल्या आणि सासऱ्यांची बॅग आली नाही.

काउंटरवरच्या मुलाने नम्रपणे सांगितले की बॅग दिल्लीतच राहिली असावी, तुम्ही घरी जा, उद्या फोन येईल. सासरे थकलेले होते आणि मीही निघण्याच्या बेतात होते. इतक्यात मागच्या एका प्रवाशाने थांबवले आणि सांगितले की पीआयआर, म्हणजे प्रॉपर्टी इरेग्युलॅरिटी रिपोर्ट, लिहून घेतल्याशिवाय या हॉलमधून पाऊल बाहेर टाकू नका. त्या गृहस्थांचे नावही विचारायचे राहिले, पण पुढचे सर्व काही त्यांच्या त्या एका वाक्यामुळे सोपे झाले. त्या कागदावर संदर्भ क्रमांक असतो, बॅगेच्या टॅगचा दहा अंकी क्रमांक असतो, आणि पुढे कंपनीशी होणारे प्रत्येक बोलणे त्या दोन क्रमांकांवरच चालते. बॅगेचे वर्णन सांगताना मला फक्त ‘निळी, मध्यम आकाराची’ एवढेच सांगता आले. निघण्यापूर्वी एक फोटो काढला असता तर ते दहा मिनिटांचे चाचपडणे वाचले असते.

सर्वांत वाईट म्हणजे सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी, दोन्ही त्याच बॅगेत होते. चिठ्ठीचा जुना फोटो यांच्या फोनमध्ये सापडला, म्हणून पहाटे तीन वाजता चोवीस तास उघड्या दुकानातून गोळ्या मिळाल्या. औषधे हातातल्या पिशवीतच ठेवा, ही माझी हात जोडून विनंती आहे.

सी-१०१ : ताई, वाचून वाईट वाटले. काकांची तब्येत आता ठीक आहे ना? मीही पुढच्या आठवड्यात दिल्लीमार्गे डेहराडूनला जात आहे. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची स्वतंत्र तिकिटे स्वस्त पडली म्हणून तीच काढली आहेत आणि मध्ये दोन तासांचे अंतर आहे. ते पुरेल का?

बी-७०२ : या दिवसांत दोन तास पुरणार नाहीत. तुझी तिकिटे स्वतंत्र असल्यामुळे दिल्लीत बॅग बेल्टवरून स्वतः घेऊन पुन्हा चेक-इन करावी लागेल, आणि पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकले तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तू फक्त वेळेवर न आलेला प्रवासी ठरशील. पैसे वाचल्यासारखे वाटतात, पण जोखीम सगळी आपल्या अंगावर येते. शक्य असेल तर पुण्याहून सकाळचे पहिले विमान घे. स्वस्त सेवा देणाऱ्या कंपन्या एकच विमान दिवसभर या शहरातून त्या शहरात फिरवतात आणि दोन फेऱ्यांमध्ये अर्ध्या-पाऊण तासाचीच उसंत ठेवतात. त्यामुळे सकाळी कुठेतरी झालेला उशीर संध्याकाळपर्यंत वाढत जातो. पुण्यात आकाश निरभ्र असूनही विमान का सुटत नाही, याचे उत्तर बहुधा हेच असते.

सी-१०१ : काका, मग उशीर झाला तर आपल्याला काय मागता येते?

बी-७०२ : नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमांत ते लिहिलेले आहे. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा अधिक उशीर होणार असेल तर कंपनीने खाणेपिणे द्यायचे असते. देशांतर्गत उड्डाणाला सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल तर दुसऱ्या विमानाचा किंवा संपूर्ण परताव्याचा पर्याय द्यावा लागतो, आणि रात्री आठ ते पहाटे तीन या वेळेतल्या उड्डाणाला इतका उशीर झाला तर हॉटेलमधील निवासही नियमात बसतो. मात्र धुके किंवा हवाई वाहतूक नियंत्रण यांसारखी कंपनीच्या हाताबाहेरची कारणे असली की तिला सूट मिळते. म्हणून उशिराचे कारण तोंडी ऐकून न घेता संदेशाने किंवा ईमेलने मागावे. सकाळी ‘तांत्रिक’ असलेले कारण संध्याकाळी ‘हवामान’ झालेले मी स्वतः पाहिले आहे.

ए-४०३ : आम्हाला वाराणसीत खाण्याची पाकिटे मिळाली, पण मागितल्यावरच. न मागता बसून राहिलेली वृद्ध माणसे तिथे पुष्कळ होती, आणि त्यांच्यासाठीही आम्हीच काउंटरवर गेलो. याचा मला अजूनही त्रास होतो. काका, बॅगेच्या भरपाईबद्दलही कृपया लिहा.

बी-७०२ : देशांतर्गत प्रवासात सामान हरवणे, खराब होणे किंवा उशिरा मिळणे यासाठी प्रवाशामागे २०,००० रुपये ही कमाल मर्यादा आहे. ती आपोआप हाती पडत नाही, नुकसान दाखवावे लागते. म्हणून बॅगेअभावी घ्याव्या लागलेल्या कपड्यांच्या, औषधांच्या पावत्या जपून ठेवाव्यात. २१ दिवसांत बॅग आली नाही तर ती हरवली असे धरून दावा करता येतो. बॅगेत याहून मौल्यवान वस्तू ठेवणे टाळता येत नसेल तर चेक-इनच्या वेळी मूल्य जाहीर करून जादा शुल्क भरण्याची सोय असते, पण दागिने आणि रोकड बॅगेत घालूच नये. आंतरराष्ट्रीय प्रवासाला मॉन्ट्रियल करार लागू होतो आणि तिथली मर्यादा बरीच अधिक आहे.

कंपनीने दाद दिली नाही तर केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करावी, किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. त्यानंतरही आपल्या जिल्ह्याचा ग्राहक आयोग आहेच. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही आणि त्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही. बॅग परत मिळाली का?

ए-४०३ : तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कंपनीचा माणूस घरी आणून देऊन गेला. सामान सगळे आहे, सासूबाईंनी जपून आणलेला गंगाजलाचा गडूही आहे. फक्त एक चाक तुटले आहे आणि हँडल वर येत नाही. बॅग मिळाली याच्याच आनंदात मी सही करून दिली.

बी-७०२ : बॅग मिळून किती दिवस झाले? मोडतोडीची लेखी तक्रार बॅग हाती आल्यापासून ७ दिवसांच्या आत करावी लागते, नाहीतर हक्क जातो. पीआयआर बॅग न आल्याचा आहे, त्यात मोडतोड येत नाही.

ए-४०३ : आज पाचवा दिवस आहे. आत्ताच फोटो काढते.

सी-१०१ : ताई, ईमेलचा मजकूर मी लिहून देतो. टॅग क्रमांक आणि पीआयआरचा फोटो मला वैयक्तिक पाठवा, ग्रुपवर टाकू नका. आणि काका, मी दुसरे तिकीट बदलून दुपारचे घेतले आहे, त्यामुळे आता मध्ये पाच तास मिळतील.

ए-४०३ : रात्री ९.४० ला ईमेल पाठवला. तक्रार क्रमांकासह पोच आली आहे, ती छापून पीआयआरला टाचून ठेवली आहे.