गुरुवारची फवारणी अन् कढीपत्त्यावरच्या अळ्या

सेक्रेटरी काका: नमस्कार. गुरुवारी सकाळी ८ वाजता बगिच्यात फवारणी आहे. मागच्या कोपऱ्यातला तरोटा, गवत पण माळी साफ करेल. लेकरांना खाली पाठवू नका.

वर्षा, बी-३०४: काका थांबा नं एक मिनिट, मागच्या तिन्ही कढीपत्त्यांवर अळ्या आहेत, लहानपणी चिमणीच्या विष्ठेसारख्या दिसतात म्हणून कोणी पाहत नाही, आता दोन हिरव्यागार झाल्यात, काडीनं हळूच टोचलं की डोक्यामागून लाल शिंगं काढते अन् असा आंबूस वास येते की हात मागे. फुलपाखरं होतील त्यांची. फवारलं तर गुरुवारीच संपलं.

सेक्रेटरी काका: वर्षाताई, माझी काटोलला संत्र्याची बाग आहे, हीच अळी नवी कलमं साफ करून टाकते. मला नका सांगू बापा 😀

वर्षा, बी-३०४: बागेचं वेगळं काका, तिथं पोटापाण्याचा प्रश्न आहे. इथं तीन झाडं, फोडणीला दहा पानं लागतात, बाकी तिला खाऊ द्या की. २०१५ ला आपलं राज्य फुलपाखरू जाहीर झालं नं, नीलवंत, त्याची अळी पण लिंबू-संत्रा-कढीपत्त्याच्याच कुळावर वाढते.

प्रमोद, ए-१०२: अन् डेंग्यू? मागच्या साली माझा पोरगा आठ दिवस ॲडमिट होता. फुलपाखरू पाहू का पोराले?

वर्षा, बी-३०४: प्रमोदभाऊ, तुमचं टेन्शन खरं आहे. पण डेंग्यूचा डास तरोट्यात अंडी घालत नाही, साठलेल्या पाण्यात घालते. खाली उभं राहून वर पाहा, निम्म्या गॅलऱ्यांत बंद कूलर पडले आहेत, टाकीत पावसाचं पाणी. फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालच्या बशा. धुरानं उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात, आठवड्याभरात नवे तयार. टाकी रिकामी करून घासावी लागते, अंडी भिंतीला चिकटून असतात.

प्रमोद, ए-१०२: माझ्या कूलरमध्ये आहे पाणी 🙈 आत्ताच काढतो

सुनंदा काकू, सी-५०१: गच्चीवर माझी वांगी आहेत, फुलं येऊन राहिली पण गळतात. त्याच्यासाठी पण काही सांग बाई.

वर्षा, बी-३०४: काकू, वांग्याच्या फुलातला पराग मिठाच्या डबीसारखा टोकाच्या भोकातून पडतो, फूल हललं पाहिजे. भुंगा किंवा ती पोटावर निळे पट्टे असलेली माशी फुलाला धरून गुंगुंगुं करते तेव्हा तो झडतो, नेहमीच्या मधमाशीला ते जमत नाही. निळ्या पट्ट्यांची माशी मोकळ्या मातीत बिळ करते अन् आपण कम्पाउंडभर सिमेंटचे गट्टू बसवून ठेवले. भुंग्याला वाळकं लाकूड लागते, ते माळी जाळून टाकतो. म्हणूनच म्हणते, मागचा दहा बाय दहाचा कोपरा तसाच राहू द्या. समोर लॉन आहेच की फोटो काढायला.

रोहित, ए-४०३: तरोटा राहू द्या राव, त्याच्यावर पिवळी फुलपाखरं किती येतात. भाजी पण मस्त होते, आता पानं जून झाली पण 😋

सेक्रेटरी काका: बरं, कोपरा दिवाळीपर्यंत सोडतो, फवारणी पार्किंगकडेच करू. पण गेटवरचं कोळ्याचं जाळं काढणार म्हणजे काढणार. परवा सकाळी सरळ तोंडावर आलं माझ्या, चष्म्यासकट.

वर्षा, बी-३०४: 😂 गेटवरचं काढा, पण झाडू नका मारू. दोन-दोन पाय जोडून फुलीसारखी बसते न ती कोळीण? मधोमध पांढरी नागमोडी जाड रेघ विणलेली? काही करत नाही कोणाला, माश्या-नाकतोडे धरते. काडीवर घेऊन मधुमालतीत सोडा, रातोरात नवं विणेल.

सेक्रेटरी काका: काडी तुम्ही धरा. मी चष्मा धरतो.

सुनंदा काकू, सी-५०१: 😄 मी सहा वाजता येते खाली, लेकरांना पण घेऊन

(शुक्रवार)

वर्षा, बी-३०४: दोन्ही अळ्यांचे कोष झाले, एक फांदीवर अन् दुसरा बगिच्यातल्या नळाच्या पाइपवर. माळीदादाला कोणीतरी सांगा, आठ-दहा दिवस तो पाइप पुसायचा नाही.