निवृत्तीनंतरचा भरगच्च आठवडा: दोघांचं वेळापत्रक कसं बसवायचं?

निवांत_जोडी: आम्ही दोघंही निवृत्त. चित्रकलेचा वर्ग, गाण्याचा सराव, आठवड्यातून एखादी दिवसभराची सहल, दोन दुपारी नातवंडं, शिवाय दवाखाना. कामं फार नाहीत, पण एकमेकांवर आदळतात. मोबाइलवर सामाईक कॅलेंडर केलंय, तरी एकाची नोंद दुसऱ्याला दिसत नाही. कशी घडी बसवावी?

पानउलट: नोंद दिसत नाही याचं बहुतेक वेळा एकच कारण असतं. सामाईक कॅलेंडर तयार असतं, पण नवी नोंद आपसूक स्वतःच्या खाजगी कॅलेंडरात जाते. नोंद करताना वर कोणत्या कॅलेंडरचं नाव आहे ते बघा. शेअर करताना जोडीदाराला नुसतं बघण्याची नको, बदल करण्याचीही परवानगी द्या. दर आठवड्याच्या वर्गाला ‘रिपीट’ लावा. एखादा वर्ग रद्द झाला तर पुसताना ‘फक्त हीच नोंद’ निवडा, नाहीतर पुढचे सगळे वर्ग गायब होतात.

आता आदळण्याचं. लोक कार्यक्रमाची वेळ लिहितात, निघायची लिहीत नाहीत. पाचचा सराव म्हणजे सव्वाचारला घर सोडायचं असेल, तर सव्वाचारच लिहा आणि परत यायची वेळही लिहा. आधी न हलणाऱ्या गोष्टी मांडा: दवाखाना, नातवंडं, वर्ग. सहल सगळ्यात शेवटी, आणि तिच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ कोरी. ती कोरी ठेवली नाही की पुढचे दोन दिवस ढेपाळतात, आणि दोष मात्र सहलीला जातो.

पायी_पायी: व्यायाम यात कुठेच दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ६५ च्या पुढच्यांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, किमान २ दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम आणि ३ दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत. बोलता येतं पण गाता येत नाही, इतपत धाप म्हणजे मध्यम श्रम. प्रदर्शनात रेंगाळत फिरणं यात धरू नका. ताकदीसाठी हात न टेकता खुर्चीतून उठा-बसा, ८–१० वेळा, दोन फेऱ्या. लागोपाठच्या दिवशी नको. तोलासाठी ओट्याजवळ उभं राहून एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावायची. आधार हाताशी हवाच.

निवांत_जोडी: सहलीच्या दिवशी औषधांचा गोंधळ होतो, त्याचं काय?

गोळीडबा: सात कप्प्यांचा डबा एकाच ठरलेल्या वारी भरा. दोघांचे डबे वेगळ्या रंगाचे घ्या, ही फालतू वाटणारी गोष्टच जास्त उपयोगी पडते. काही गोळ्या मूळ बाटलीतच ठेवायच्या असतात, उदा. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीन. त्या डब्यात ओतू नका. इन्सुलिन बंद गाडीत ठेवायचं नाही आणि बर्फाला थेट चिकटवायचंही नाही. एकदा गोठलं की वितळल्यावरही टाकूनच द्यायचं. लघवी वाढवणारी गोळी लांबच्या प्रवासात त्रास देते म्हणून परस्पर चुकवली जाते. तसं नको, त्या दिवसापुरती वेळ पुढे-मागे चालेल का ते डॉक्टरांना आधीच विचारा. औषधांची यादी दोघांच्याही पाकिटात असू द्या.

कोरा_कागद: छंदाबद्दल माझं मत वेगळं आहे. दोघांनी सगळं एकत्र करायचा आग्रह सोडा; निदान एक वर्ग एकेकट्याचा असावा. शिवाय मांडामांडीलाच वीस मिनिटं लागणारा छंद मधल्या तासाभरात सुरूच होत नाही. जलरंगाचं सामान एका ट्रेमध्ये तयार ठेवा. कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड) घ्या, पातळ कागद पाण्याने फुगतो आणि रंग डबक्यासारखा साचतो. पहिला थर वाळेपर्यंत थांबावंच लागतं, म्हणून नातवंडं येण्याआधीची मोकळी वेळ याला बरी.

पानउलट: नातवंडांच्या वेळेला शेवट ठरवा. ‘दुपारी’ असं मोघम नको, ‘३ ते ६’ असं मुलाला-सुनेला स्पष्ट सांगा. त्यांना यायला उशीर होणारच, म्हणून सहानंतर लगेच सराव ठेवू नका. वर्गाच्या वारी नातवंडं अचानक आली तर घरी कोण थांबणार हेही आधीच ठरवा, आणि पाळी आलटूनपालटून ठेवा. नाहीतर दर वेळी एकाचाच वर्ग बुडतो.