गाडी महिनाभर उभी राहणार आहे, बॅटरी कशी सांभाळू?

कामासाठी महिनाभर परगावी जातोय. गाडी पार्किंगमध्ये नुसती उभी राहील. बॅटरी ४५ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे साठवणक्षमता) आहे, डॅशकॅमही लावलाय. शेजारचे काका म्हणतात, किल्ली देऊन जा, रोज पाच मिनिटं चालू करून ठेवतो. तेवढं पुरेल का?

प्रतिसाद १
काकांना त्रास देऊ नका. पाच मिनिटांत स्टार्टरने खाल्लेलं जेमतेम भरून निघतं, वर इंजिन नीट तापत नाही, त्यामुळे वाफेचं पाणी होऊन ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साचतं.

हिशेब करून बघा. बंद गाडीतही अलार्म, सेंट्रल लॉकिंग, घड्याळ करंट घेत राहतात. २० ते ५० मिलीअँपिअर हे नॉर्मल. ५० धरले तर दिवसाला १.२ एएच, महिन्याला ३६. तुमच्या ४५ मधून उरलं काय? आणि डॅशकॅम पार्किंग मोडवर (गाडी बंद असतानाही चालू) असेल तर तो एकटाच २५० मिलीअँपिअरच्या आसपास ओढू शकतो, म्हणजे आठवड्याभरात बॅटरी बसलीच. त्याची वायर आधी काढा.

मग बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. आधी निगेटिव्हच, म्हणजे पाना बॉडीला टेकला तरी शॉर्ट होत नाही. परत जोडताना ते शेवटी.

प्रश्नकर्ता
टर्मिनल काढल्यावर लॉक कसं करायचं? रिमोट चालणार नाही ना?

प्रतिसाद १
नाही चालणार. रिमोटच्या आत साधी किल्ली असते, तिने दार लॉक होतं. बॉनेट लावण्याआधी ती किल्ली दारात फिरवून बघाच. काही गाड्यांत घड्याळ आणि खिडकीचं ऑटो सेटिंग परत करावं लागतं. रेडिओ कोड मागणारा असेल तर तो आधी लिहून ठेवा.

प्रतिसाद २
पार्किंगमध्ये प्लग असेल तर ऑटोमॅटिक मेंटेनन्स चार्जर (बॅटरी आपोआप भरलेली ठेवणारा) लावा, टर्मिनल काढायची गरजच नाही. काहीही करा, पण बॅटरी आधी पूर्ण चार्ज करा. गाडी काही तास उभी राहिल्यावर मल्टिमीटरवर १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. तशीच महिनाभर ठेवली तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि चांगली बॅटरी हकनाक जाते. मला त्याचंच फार वाईट वाटतं.

प्रश्नकर्ता
प्लग नाही. डॅशकॅमची वायर आजच काढतो, निघायच्या आदल्या दिवशी बॅटरी चार्ज करून टर्मिनल काढेन.